टूलरूम सोडून डिझाइन कंपनीत जावे का?

चिपळूणहून एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र लिहिले आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर गेली चार वर्षे त्या खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, प्लास्टिकच्या साच्यांच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या विभागात, काम करीत आहेत. पुण्यातील एका प्रॉडक्ट डिझाइन कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली आहे. कंपनी पंचविसेक माणसांची आहे, पगार आताच्यापेक्षा बरा आहे आणि महिनाभरात होकार कळवायचा आहे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे वडिलांचे म्हणणे आहे. टूलरूममधील एक ज्येष्ठ सहकारी सांगतात की, अशा कंपनीत डिझायनर चित्र काढून मोकळा होतो आणि ते चित्र प्रत्यक्षात उतरवताना बोलणी मात्र इंजिनिअरला खावी लागतात. डिझाइन कंपनीत अभियंता म्हणून काम करण्याचे फायदे-तोटे कोणते, आणि चार वर्षांचा अनुभव तिथे वाया तर जाणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचा विचार त्यावरच उभा राहील. तुमचा अनुभव वाया जाणार नाही. किंबहुना कंपनी तुम्हाला घेत आहे ती त्या अनुभवासाठीच. संगणकावर नेटके मॉडेल उभे करणारी मुले पुण्यात हवी तेवढी मिळतात. साचा उघडल्यावर भाग आतच अडकून बसला, तो बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांनी त्याला पांढरे वळ उठले आणि मग ऑपरेटर, टूलमेकर व साहेब असे तिघे एकमेकांकडे पाहत राहिले, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे अशी माणसे मात्र तिथे फार थोडी असतात. डिझायनरला खोक्याच्या भिंती अगदी सरळ, काटकोनात हव्या असतात. साच्यातून भाग सुटण्यासाठी भिंतीला निदान एक अंशाचा उतार हवा, आणि 100 मिलिमीटर खोल भिंतीत एक अंश म्हणजे एका बाजूला जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. पृष्ठभागावर खरखरीत पोत हवा असेल, तर उतार आणखी वाढवावा लागतो. आतल्या बरगड्या भिंतीच्या जाडीच्या साधारण निम्म्याहून फार जाड केल्या की बाहेरच्या अंगाला खड्डा दिसू लागतो, हेही तुम्ही हाताने चाचपलेले आहे. ही माहिती पुस्तकात आहेच, पण बैठकीत समोरच्याला ती पटवून देण्याचे बळ यंत्रापाशी घालवलेल्या दिवसांतून येते.

आता या कंपन्यांच्या कामाकडे वळू. डिझाइन कंपनीचे स्वतःचे उत्पादन बहुधा नसते. कोणी पंप करणारा, कोणी वैद्यकीय उपकरणे करणारा, कोणी नवउद्योजक आपली गरज घेऊन येतो, आणि कंपनी त्याला वापरणाऱ्यांची पाहणी, संकल्पना, तपशीलवार आराखडा, नमुना आणि साचा तयार होईपर्यंतची देखरेख अशा टप्प्यांनी काम करून देते व टप्प्यागणिक पैसे घेते. ही मिळकतीची पद्धत नीट ध्यानात ठेवा, कारण तिथल्या नोकरीतील बहुतेक सुखदुःखे तिच्यातूनच निघतात. शेवटचा, म्हणजे साच्याच्या देखरेखीचा टप्पा ग्राहकाला अनेकदा अनावश्यक खर्च वाटतो आणि तो करारातून सर्वांत आधी गळतो. त्याकडे पुन्हा येईन.

फायद्यांत विविधता पहिली सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. कारखान्यात एखाद्या अभियंत्याची दहा वर्षे एकाच जातीच्या भागांत जातात. इथे एका वर्षात रक्ततपासणीच्या यंत्राचे कवच, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची तोटी आणि पत्र्याचा विद्युत कप्पा असे तिन्ही हाताखालून जाऊ शकतात. एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिके तुमच्या परिचयाची आहेत, पण तिथे ॲल्युमिनियमचे डाय-कास्टिंग, पत्र्याचे बेंड, रबराची सील, छोट्या मोटारी आणि सर्किट बोर्ड यांच्याशीही गाठ पडेल. वयाच्या तिशीच्या आत हे सारे पाहायला मिळणे मोलाचे असते.

मला मात्र दुसरा फायदा अधिक मोठा वाटतो. वस्तू वापरणाऱ्या माणसापासून विचार सुरू करण्याची सवय तिथे लागते. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला तुम्ही पाहिला असेलच. काठीच्या टोकाला कडे, कड्याला पाते आणि खाली जाळी, एवढीच त्याची रचना; पण आंबा देठासकट उतरतो, जाळीत पडतो, आपटत नाही आणि देठाचा चीक सालीवर ओघळून काळे डाग पडत नाहीत. या साध्या वस्तूत सुधारणा करायची ठरली, तर जाळीत एका वेळी चार आंबे मावावेत, असे कोणीही डिझायनर सहज सुचवील. तिथे अभियंत्याने हिशेब मांडायचा असतो. पाच मीटरच्या काठीच्या टोकाशी 200 ग्रॅम वजन वाढले, तर काठी आडवी असताना मनगटावर येणारा बाक, म्हणजे वाकवणारा जोर, एक मीटरवर टांगलेल्या एक किलोएवढा वाढतो, आणि झाडावर बसलेला गडी सकाळपासून दुपारपर्यंत तो बाक पेलत असतो. म्हणजे चार आंब्यांची जाळी कागदावर फायद्याची दिसली, तरी आडव्या फांदीवरच्या आंब्यासाठी ती गैरसोयीची ठरते. हा हिशेब कुठल्याही पदवीधराला येतो. पण तो मांडायचा असतो हे सुचण्यासाठी आधी बागेत उभे राहून गड्याचे मनगट पाहावे लागते, आणि चांगली डिझाइन कंपनी अभियंत्याला ते पाहायला पाठवते. कारखान्यात ड्रॉइंग हाती येते तेव्हा गड्याचा विचार कोणीतरी करून टाकलेला असतो, किंवा कोणीच केलेला नसतो.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. डिझायनर आणि अभियंता यांच्यात ओढाताण असते आणि ‘हे होणार नाही’ असे म्हणणारा माणूस म्हणून अभियंता ओळखला जाऊ लागतो. पण हा दोष माणसांचा कमी आणि कामाच्या क्रमाचा अधिक असतो. ग्राहकाने रंगीत चित्र पाहून मान डोलावल्यानंतर अभियंत्याला बोलावले, तर त्याच्या हाती नकार देण्यापलीकडे काही उरत नाही. पहिल्या बैठकीपासून तो सोबत असेल, तर तोच माणूस पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन अर्धांच्या जोडाची रेघ, कुठे लपवता येईल, भाग साच्यात अडकवणारा एक अंडरकट (आडवी खाच) टाळून साच्यातला स्लायडर, म्हणजे बाजूला सरकणारा तुकडा, कसा वाचवता येईल, असे मार्ग सुचवतो आणि डिझायनरचे चित्रही सुधारते. शिवाय नकार देण्याचीही एक रीत असते. ‘हे शक्य नाही’ म्हणण्याऐवजी ‘हे हवे असेल तर साच्याला एक स्लायडर वाढेल, खर्च एवढा आणि वेळ एवढा वाढेल’ असे सांगितले की निर्णय ज्याचा त्याला घ्यावा लागतो. ही रीत तुम्हाला टूलरूममध्ये आपोआप आली असेल, कारण तिथे पैशाविना कोणी काही बोलत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. डिझाइन कंपनीत थ्री-डी प्रिंटरवर नमुना रात्रीतून तयार होतो, सकाळी तो हातात घेऊन सगळे खूश होतात, आणि झाकणाची खिट्टी टक्कन बसली म्हणजे काम झाले असे सर्वांना वाटते. थरावर थर चढवून छापलेली खिट्टी आणि साच्यात एकसंध ओतलेली खिट्टी यांचे वाकणे व तुटणे वेगवेगळे असते. त्या आनंदात हे सांगणारी व्यक्ती बहुधा एकटी असते, आणि ती व्यक्ती तुम्ही असाल.

आता तोट्यांकडे येतो. सर्वांत मोठा तोटा असा की, आपण केलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे डिझाइन कंपनीतल्या अभियंत्याला अनेकदा कळतच नाही. काही प्रकल्प ग्राहकाचे पैसे संपल्याने नमुन्यावरच थांबतात, काही त्याचे मन बदलल्याने कपाटात जातात. जे पुढे जातात, त्यांची ड्रॉइंग ग्राहकाच्या हवाली झाली की चाकणचा एखादा साचा करणारा आपल्या सोयीने त्यात बदल करतो आणि ते तुम्हाला कोणी विचारत नाही. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपनीत वॉरंटीत परत आलेला तुटका भाग दोन वर्षांनी टेबलावर येऊन पडतो आणि कोणती खिट्टी कुठून तुटली हे दाखवतो. ते शिक्षण डिझाइन कंपनीत आपोआप मिळत नाही. पाच-सहा वर्षे असे काम केलेले काही अभियंते मी पाहिले आहेत; बोलण्यात तयार, सॉफ्टवेअरवर हात बसलेला, पण आपला कोणता निर्णय चुकला होता हे त्यांना ठाऊक नसते, कारण ते सांगायला कोणी परत आलेलेच नसते.

आपण किनाऱ्यावरची माणसे हे अधिक चांगले समजू शकतो. पुण्याच्या हवेत तपासलेले उपकरण मिरकरवाड्याच्या जेटीवर एक पावसाळा काढते तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात खारा वारा. ॲल्युमिनियमच्या कवचाला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले की दोन धातूंच्या सांध्याशी खारे पाणी साचून ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी दिसू लागते. साधे 304 जातीचे स्टेनलेस किनाऱ्यावर तांबूस डाग धरते. मॉलिब्डेनम असलेले 316 बरेच टिकते, पण ते महाग पडते, म्हणून खर्च कापताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावर येते. ग्राहकाच्या माहितीपत्रकात आयपी 67, म्हणजे धूळ व पाणी आत न शिरण्याचे मानांकन, लिहिलेले असले म्हणजे वस्तू समुद्रकाठी टिकेल, असा एक सार्वत्रिक समज आहे. ती चाचणी गोड्या पाण्यात, एक मीटर खोलीवर, अर्धा तास बुडवून केलेली असते. गंजाविषयी ती काहीही सांगत नाही. गंजासाठी मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, तीत पाच टक्के मिठाचे पाणी 35 अंश तापमानाला सतत फवारतात, आणि ती करवून घ्या असे ग्राहकाला कोणीतरी सुचवावे लागते. तुम्ही पुण्याच्या त्या कार्यालयात बसलात तर हे सुचवण्याचा अधिकार तुमच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार नाही. परंतु सुचवलेले ऐकले गेले की नाही, हे कळण्याची सोय त्या कंपनीत आहे का, हे तुम्हाला आधीच पाहावे लागेल.

दुसरा तोटा खोलीचा. सगळ्यात थोडे थोडे येणाऱ्या माणसाला सातव्या-आठव्या वर्षी मुलाखतीत ‘तुमचे क्षेत्र कोणते’ असे विचारतात, तेव्हा अडचण होते. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांना त्यांची गुणवत्ता व जोखीम-व्यवस्थापनाची पद्धत मुरलेला माणूस हवा असतो, वाहन उद्योगाला त्याच्या मंजुरीच्या कागदपत्रांची साखळी ठाऊक असलेला. म्हणून पहिली दोन वर्षे मिळेल ते काम करा आणि तिसऱ्या वर्षापासून एक क्षेत्र निवडून त्यातीलच प्रकल्प मागून घेत चला.

याला जोडूनच गोपनीयतेची गोष्ट. केलेले काम दाखवता येत नाही, कारण ग्राहकाशी तसा करार असतो. ड्रॉइंगची प्रत घरी नेण्याचा विचारही करू नका. अडचण कोणत्या प्रकारची होती आणि ती कोणत्या मार्गाने सोडवली, एवढी टिपणे ग्राहक व वस्तू ओळखू येणार नाही अशा रीतीने ठेवता येतात, आणि तेवढी पुरतात. हक्कांच्या बाबतीतही भाबडे राहू नये. पेटंट बहुधा ग्राहकाच्या किंवा कंपनीच्या मालकीचे होते, तरी संशोधक म्हणून खऱ्या व्यक्तीचे नाव अर्जात द्यावे लागते. तुमचा वाटा असेल तिथे ते नाव आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. 2000 सालच्या डिझाइन कायद्याखालील नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षे वाढणारी असते, पण ती वस्तूच्या बाह्य रूपापुरती. आतली यांत्रिक युक्ती तीत येत नाही. तेव्हा कार्यालयातल्या भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रांत अभियंत्यांचे श्रम फारसे दिसले नाहीत, तर नवल वाटून घेऊ नका.

पैशाबाबत थोडक्यात सांगतो. पंचवीस माणसांच्या कंपनीची मिळकत प्रकल्पांवर अवलंबून असते. दोन मोठे ग्राहक गेले की त्या वर्षी पगारवाढ होत नाही, आणि ग्राहकाने बिल अडकवले की त्याची झळ पगाराच्या तारखेला लागू शकते. कामाचे तास नोंदवून द्यावे लागतात, आणि सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात ते तास बेसुमार वाढतात. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू असतो, त्यामुळे तो तुम्हाला मिळायला हवा. देऊ केलेल्या पगाराच्या आकड्यात कंपनीचा वाटाही धरला आहे का, ते पाहून घ्या. पुण्यातले घरभाडे वजा जाता वाढीव पगारातले किती उरते, याचा हिशेब घरच्यांसमोर मांडा. वडिलांची काळजी अशा आकड्यांनी जितकी कमी होते, तितकी वादाने होत नाही.

त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मी सोडणार नाही. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि तुमची चार झाली आहेत. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता. ती रक्कम हातची जाईल हे खरे. पण तेवढ्यासाठी आणखी एक वर्ष तिथे काढावे, असे मला वाटत नाही. परतीच्या वाटेची काळजी मात्र रास्त आहे. अशा कंपन्या पुणे, मुंबई, बेंगळुरू इथे आहेत. चिपळूण-रत्नागिरीला परत यायचे झाले तर बहुधा पुन्हा कारखान्यातच यावे लागेल, किंवा चार-पाच ग्राहक जोडून स्वतंत्र काम करावे लागेल. त्यासाठीही पुण्याच्या साचे करणाऱ्यांशी आणि नमुने करणाऱ्यांशी झालेल्या ओळखीच कामी येतील.

होकार कळवण्याआधी कंपनीकडे पुन्हा एकदा वेळ मागा आणि थेट विचारा. गेल्या तीन वर्षांत केलेल्यांपैकी कोणत्या वस्तू आज बाजारात विकल्या जात आहेत? साच्यातून पहिला भाग निघतो त्या टी-वन ट्रायलला कंपनीचा अभियंता हजर असतो का, आणि त्याच्या प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च कोण करते? ग्राहकाच्या पहिल्या बैठकीला अभियंता असतो का? वस्तू बाजारात गेल्यावर ग्राहकाकडून तक्रारी मागवल्या जातात का? प्रश्न आगाऊ वाटतील, अशी भीती बाळगू नका. टूलरूममधून आलेली अभियंता हे विचारणार, याची चांगल्या कंपनीला कल्पना असते, आणि तिथले अनुभवी लोक या प्रश्नांवर खुलून बोलतात. त्यांच्याच एखाद्या अभियंत्याशी, साहेब समोर नसताना, अर्धा तास बोलता आले तर अधिक बरे.

टी-वनला आमचा माणूस असतोच, असे उत्तर मिळाले तर माझ्या मते तुम्ही जावे, पगाराची घासाघीस फार न करता जावे. आमचे काम ड्रॉइंग दिल्यावर संपते, असे उत्तर आले तर त्या पगारात तुम्ही केवळ मॉडेल करून देणारी व्यक्ती व्हाल आणि तुमचा चार वर्षांचा हात दोन वर्षांत बोथट होईल. अशा वेळी स्वतःचे उत्पादन करणाऱ्या एखाद्या कंपनीच्या डिझाइन विभागात प्रयत्न करावा, तिथेही टूलरूमच्या माणसाला मागणी असते. एम.डेस., म्हणजे डिझाइनमधील पदव्युत्तर पदवी, करण्याचा विचारही तुम्ही पत्रात ओझरता मांडला आहे. सीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत त्यासाठी जाता येते, पण तुम्हाला डिझायनर व्हायचे आहे की डिझायनरांसोबत काम करणारी अभियंता, हे अशा कंपनीत वर्षभर बसल्याशिवाय ठरवू नये.

नेमणूकपत्रावर सही करण्याआधी त्यात बॉण्ड आहे का आणि नोटीस किती महिन्यांची आहे, ते वाचा. आताच्या कारखान्याला राजीनामा लेखी नेमणूकपत्र हाती आल्यावरच द्या, आणि हातातला साचा कोणाच्या तरी ताब्यात नीट समजावून देऊन निघा. पुण्यात गेल्यावर एखादा छोटा साचा करून घेण्यासाठी तुम्हाला खेर्डीच्या त्याच टूलरूमला फोन करावा लागण्याची शक्यता पुष्कळ आहे.